२७.८ वर अडकलेला प्रोसेसर: तापमान बघणारा छोटा प्रोग्रॅम घरच्या घरी

डिसेंबरात भाच्यानं मला त्याचा पहिला प्रोग्रॅम दाखवला, कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं तापमान सांगणारा. वडगावात ताईच्या घरी पुढच्या सोप्यात कॉम्प्युटर आहे आणि पलीकडच्या खोलीत माग. मागांच्या खडखडाटात तो ओरडून सांगत होता, "मामा, बघा की, सत्तावीस पॉइंट आठ!" काळ्या टर्मिनलमध्ये दर दोन सेकंदांनी २७.८ उमटत होतं. बेळगावची थंडी, सकाळी स्वेटर घातल्याशिवाय बाहेर पडवत नव्हतं. अशा दिवसांत सत्तावीस कुणालाही पटेल. मीही शाबासकी दिली, चहा घेतला आणि घरी आलो.

एप्रिलात परत गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. भिंतीवरचा साधा थर्मामीटर ३५ वर होता. कॉम्प्युटरचा पंखा मागांच्या आवाजातही वेगळा ऐकू येत होता. स्क्रीनवर मात्र २७.८.

माठातलं पाणी हवेपेक्षा गार होतं, कारण पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. प्रोसेसर काही पाझरत नाही. त्याच्यावर फक्त खोलीतली हवा फिरते, आणि खोलीतल्या हवेनं गार होणारी वस्तू खोलीपेक्षा गार होणार नाही. म्हणजे ३५ च्या खोलीत २७.८ हा आकडा चूक होता. डिसेंबरातही चूकच होता, फक्त तेव्हा तो खपून गेला.

पुढचे चार-पाच रविवार आम्ही दोघांनी तो प्रोग्रॅम पहिल्यापासून पुन्हा लिहिला. ज्यांना पायथॉनमध्ये लूप आणि फाईल वाचणं जमतं, पण हार्डवेअरशी कधी बोलणं झालेलं नाही, त्यांच्यासाठी ती सगळी वाट इथं लिहितोय. फायलींची आणि कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. की-बोर्डवर ती अर्थात रोमनमध्येच टायपायची.

सुरुवातीला लागणाऱ्या गोष्टी

एक लिनक्स असलेलं मशीन, आणि तेही खरं. व्हर्च्युअल मशीनमध्ये बसून हा उद्योग करू नका. तिथल्या लिनक्सला सहसा सेन्सर दिसतच नाहीत. विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सचंही तेच. जुना डेस्कटॉप असेल तर उत्तम. मी स्वतः उद्यमबागेत सीएनसी मशीनांचे प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. तिथली सवय म्हणून सांगतो, माप घेण्याचं शिकायला जुनं यंत्र बरं, नव्याला हात लावायला जीव धजत नाही.

पायथॉन ३ बहुतेक लिनक्समध्ये आधीच असतं. पीएसयूटिल नावाची एक चांगली लायब्ररी आहे, तिच्यातलं एक फंक्शन सगळी तापमानं एका ओळीत आणून देतं. ते नंतर वापरा. आत्ता वापरलंत तर आकडा कुठून आला हे कधी कळणार नाही, आणि भाच्याची चूक नेमकी तिथंच होती. शिवाय तिचं हे फंक्शन विंडोजवर चालत नाही.

आणि एक भिंतीवरचा थर्मामीटर. चेष्टा नाही करत. सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलेलं उपकरण तेच.

पायरी १: आधी हातानं वाचा

लिनक्समध्ये सेन्सर साध्या फायलींसारखे दिसतात. टर्मिनल उघडा आणि सिस, त्यात क्लास, त्यात एचडब्ल्यूमॉन या फोल्डरमध्ये जा. तिथं एचडब्ल्यूमॉन०, एचडब्ल्यूमॉन१ अशी फोल्डरं दिसतील. प्रत्येकात 'नेम' नावाची फाईल असते. ती कॅट कमांडनं वाचा.

वडगावच्या मशीनवर तीन नावं निघाली: एसीपीआयटीझेड, कोअरटेम्प आणि एनव्हीएमई. एनव्हीएमई म्हणजे डिस्क, ती बाजूला ठेवा. कोअरटेम्प हा इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर वाचणारा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर आणि लिनक्स यांच्यातला दुभाष्या प्रोग्रॅम. एएमडीचा प्रोसेसर असेल तर तिथं केटेनटेम्प दिसेल. आपल्याला हवेत ते हे दोघं.

आता राहिला एसीपीआयटीझेड. हा प्रोसेसरचा सेन्सर नव्हे. मदरबोर्डाचा बायोस (बोर्डातच असलेला, मशीन चालू होताना पहिला चालणारा प्रोग्रॅम) लिनक्सला एक 'थर्मल झोन' सांगतो, त्याचा हा आकडा. बऱ्याच लॅपटॉपवर तो खरा असतो आणि बऱ्यापैकी हलतोही. पण कित्येक डेस्कटॉप बोर्डांवर त्यामागे काहीच नसतं, एक ठरावीक संख्या चिकटवून ठेवलेली असते. २७.८ का, तेही गमतीचं आहे. बायोस तापमान केल्विनच्या दहाव्या भागात सांगतो. ३०१० म्हणजे ३०१ केल्विन. त्यातून २७३.२ वजा करा, २७.८ उरतात. कुठलाही सेन्सर असा वर्षभर एका जागी बसत नाही.

भाच्यानं केलं काय होतं, तर पहिल्या फोल्डरमधली पहिली तापमानाची फाईल उचलली होती. पहिला होता एसीपीआयटीझेड.

फोल्डरांत कोअरटेम्प दिसतच नसेल तर मॉडप्रोब कमांडनं तो ड्रायव्हर चढवून बघा. तरीही जमलं नाही तर एलएम-सेन्सर्स नावाचं पॅकेज घाला आणि सेन्सर्स-डिटेक्ट चालवा; तो बरेच प्रश्न विचारतो, नुसतं एंटर दाबत गेलं की तो सुरक्षित उत्तरं घेतो. त्याच पॅकेजमधली सेन्सर्स ही कमांड पुढं पडताळणीला लागणार आहे, त्यामुळे पॅकेज घालून ठेवाच.

आता कोअरटेम्पच्या फोल्डरमधली टेम्प१-इनपुट ही फाईल वाचा. ५२००० असं काहीतरी येईल. घाबरू नका, हे अंशाच्या हजाराव्या भागात असतं. हजारानं भागा, ५२ अंश सेल्सिअस. शेजारीच टेम्प१-लेबल नावाची फाईल असते, तिच्यात 'पॅकेज' किंवा 'कोअर ०' असं लिहिलेलं असतं. पॅकेज म्हणजे अख्खी चिप, कोअर म्हणजे तिच्यातला एकेक काम करणारा भाग. टेम्प१-क्रिट असेल तर तिच्यात धोक्याची हद्द असते.

जरा थांबून: हा आकडा येतो कुठून

हा भाग गाळून पुढं गेलात तरी प्रोग्रॅम चालेल. पण मला वाटतं, खरी मजा इथंच आहे.

इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर 'मी बावन्न अंशांवर आहे' असं सांगतच नाही. तो सांगतो, 'हद्दीपासून मी अजून अठ्ठेचाळीस अंश लांब आहे.' हद्द १०० असेल तर ड्रायव्हर वजाबाकी करतो आणि तुम्हाला ५२ दाखवतो. म्हणजे हद्द कोणती हे चुकलं की सगळीच तापमानं तेवढ्या अंशांनी चुकतात. इंटेलच्या जुन्या कोअर टू चिपांच्या काळात ती हद्द चिपमधून वाचायची सोय नीट नव्हती, तेव्हाच्या प्रोग्रॅमांना ती मॉडेलवरून अंदाजानं धरावी लागे, आणि म्हणून दोन प्रोग्रॅम एकाच मशीनवर वेगवेगळे आकडे दाखवत. २००८ च्या शेवटी नेहेलेम पिढी आली, तिथून पुढं हद्द चिपमधूनच वाचता येते.

दुसरी गोष्ट. हा सेन्सर प्रोसेसरला जळण्यापासून वाचवण्यासाठी बसवलेला आहे, तुमच्या-माझ्या कुतूहलासाठी नव्हे. त्यामुळे हद्दीजवळ तो नेमका असतो आणि चिप जसजशी गार होईल तसतसा ढिला पडतो. मोकळ्या बसलेल्या मशीनवर दोन कोअरमध्ये पाच-सहा अंशांचा फरक दिसला तर लगेच थर्मल पेस्ट (चिप आणि वरचा धातू यांच्यामध्ये लावतात ती) बदलायला धावू नका. वाचनही एकेका अंशानंच सरकतं. म्हणून माझा आग्रह असा की पडद्यावर दशांश दाखवूच नयेत. '५२.०' मधलं ते शून्य निव्वळ थाट आहे.

एएमडीचं आणखी वेगळं. तिथं टी-कंट्रोल (लेबलात 'टीसीटीएल') नावाचा आकडा असतो, तो मुख्यतः पंख्याच्या हिशेबासाठी. पहिल्या रायझन पिढीत १७००एक्स आणि १८००एक्स या मॉडेलांवर हा आकडा खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंशांनी चढा ठेवलेला होता. केटेनटेम्प ड्रायव्हर तो फरक काढून टी-डाय नावानं खरा आकडा वेगळा देतो. म्हणून दोन्ही लेबलं दिसली तर टी-डाय घ्या, एकटा टी-कंट्रोल असेल तर तोच. आणि रायझन ७००० च्या मोठ्या मॉडेलांवर भरपूर काम दिल्यावर ९५ दिसलं तर ते त्यांच्या रचनेतच धरलेलं आहे.

गंमत म्हणून सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथं पाणी शंभरावर नाही, साडेसत्त्याण्णवच्या सुमारास उकळतं. इंटेलच्या कितीतरी चिपांची हद्द शंभर आहे. म्हणजे आपल्या गावात पाणी उकळलं तरी त्या चिपला अजून दोन-अडीच अंशांची सवलत उरते.

पायरी २: प्रोग्रॅमचा गाभा

आधी मराठीतच लिहून काढा. आम्ही वहीत हे लिहिलं होतं:

एचडब्ल्यूमॉनमधलं प्रत्येक फोल्डर घे
— नेम फाईल वाच
— नाव कोअरटेम्प किंवा केटेनटेम्प नसेल तर सोडून दे
— टेम्पने सुरू होणाऱ्या आणि इनपुटने संपणाऱ्या सगळ्या फाईली शोध
— प्रत्येकीचं लेबल वाच. लेबल नसेल तर फाईलचंच नाव वापर
— संख्या वाच, हजारानं भाग, यादीत टाक
— वाचताना चूक आली तर ती ओळ सोड, प्रोग्रॅम थांबवू नकोस

पायथॉनमध्ये हे वीस-पंचवीस ओळींत बसतं. ग्लॉब मॉड्यूलनं फायली शोधा, ओपन आणि रीडनं वाचा, इंटनं संख्या करा. त्यात अडखळायच्या जागा तीन आहेत.

फोल्डरच्या क्रमांकावर विसंबू नका. आज कोअरटेम्प एचडब्ल्यूमॉन२ मध्ये आहे, उद्या मशीन पुन्हा चालू केल्यावर तो एचडब्ल्यूमॉन४ मध्ये सापडेल. ड्रायव्हर ज्या क्रमानं चढतात तसे क्रमांक पडतात. ओळख नेहमी नेम फाईलवरून. ज्यांनी क्रमांक कोडमध्ये लिहून ठेवला, त्यांचा प्रोग्रॅम करंट जाऊन आला की डिस्कचं तापमान प्रोसेसरचं म्हणून दाखवू लागतो, आणि हे लक्षात यायला आठवडे जातात.

कोअरचे क्रमांक सलग असतील असंही धरू नका. कोअर ०, कोअर ४, कोअर ८ अशा उड्या दिसतात. लेबल जसं आहे तसं घ्या.

तिसरी जागा चुकांची. एखादी सेन्सर फाईल दिसते, पण वाचायला गेलं की नकार देते. वायफाय कार्डाचा सेन्सर वायफाय बंद असताना असंच करतो. प्रत्येक वाचनाभोवती स्वतंत्र ट्राय-एक्सेप्ट घाला. सगळ्या लूपभोवती एकच घातलंत, तर एक सेन्सर रुसला की बाकीचेही गप्प होतील.

यासाठी सुडो, म्हणजे रूट या मुख्य वापरकर्त्याची परवानगी, लागत नाही. या फायली कुणालाही वाचता येतात. तुमचा प्रोग्रॅम रूट परवानगी मागत असेल तर कुठंतरी वाट चुकली आहे.

पायरी ३: किती वेळानं वाचायचं

भाच्याला वाटलं, जितक्या वेळा वाचू तितकं अचूक. सेकंदाला दहा वेळा वाचायला लावलं. झालं उलटं. कोअरटेम्प ड्रायव्हर चिपमधून नवं वाचन साधारण सेकंदातून एकदाच घेतो. मधल्या वेळी विचारलं तर जुनंच उत्तर परत देतो. वर प्रत्येक कोअरचं तापमान वाचायचं तर त्या कोअरला झोपेतून उठवावं लागतं. निवांत झोपलेल्या माणसाला दर मिनिटाला हलवून 'झोप लागली का?' विचारण्यातला हा प्रकार.

दोन सेकंद पुरे. पाच ठेवलेत तरी काही बिघडत नाही.

आणि सरासरी नको. चार कोअरपैकी एक ८८ वर आणि तीन ६० वर असतील तर सरासरी ६७ येते. ६७ बघून माणूस निश्चिंत होतो आणि तिकडे एक कोअर तापलेला असतो. मोठा आकडा सगळ्यांत तापलेल्याचा दाखवा, बाकीचे खाली बारीक अक्षरात.

पायरी ४: आकडा खरा आहे का, बघा

हीच पायरी आम्ही डिसेंबरात केली नव्हती.

पहिली कसोटी थर्मामीटरची: मशीन काही न करता बसलंय, तरी आकडा खोलीपेक्षा वर आहे का? नसेल तर पुढं जाऊच नका. वाचनात दोन-चार अंशांचा ढिलेपणा असतो हे धरून चाला, पण सात-आठ अंश खाली म्हणजे भलत्याच जागेचा आकडा.

दुसरी कसोटी कामाची. येस नावाची एक जुनी कमांड आहे, ती 'वाय' हे अक्षर न थांबता छापत बसते. तिचं आउटपुट डेव्ह-नल मध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचरापेटीत, ढकला आणि जितके कोअर तितक्या वेळा ती पाठीमागे चालू करा. खरा सेन्सर एक-दोन सेकंदांत उडी मारतो. दोन-तीन मिनिटं बघा, मग किलऑल येस या कमांडनं सगळ्या थांबवा. आकडा आधी झपकन पडतो आणि मग सावकाश उतरत जातो: चिप लगेच निवते, वरचा धातूचा हीटसिंक वेळ घेतो. ही उडी आणि ही दोन टप्प्यांतली उतरण दिसली की समजा तुम्ही योग्य फाईल धरली आहे. एसीपीआयटीझेडच्या त्या ओळीवर या सगळ्या वेळात केसभरही हालचाल झाली नाही.

तिसरी, सेन्सर्स कमांडशी ताडून बघा. एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक चालेल, कारण दोघांची वाचायची वेळ वेगळी. बायोसच्या पडद्यावरच्या आकड्याशी मात्र तुलना नको. बायोसमध्ये असताना प्रोसेसरची वीज वाचवणारी झोप चालू नसते, त्यामुळे तिथं आकडा बहुधा जास्तच दिसतो.

पायरी ५: नोंद ठेवा, आणि खोलीचं तापमान सोबत लिहा

प्रत्येक वाचन एका सीएसव्ही फाईलमध्ये लिहा: वेळ, सर्वांत मोठं तापमान, प्रोसेसरचा वेग. वेग सीपीयूफ्रेक फोल्डरमधल्या स्केलिंग-कर-फ्रेक या फाईलमध्ये किलोहर्ट्झमध्ये मिळतो. खोलीचं तापमान प्रोग्रॅम सुरू करताना विचारून घ्या, हातानं टाकायचं.

ते कशासाठी, तर आपल्याकडे डिसेंबरची सकाळ आणि एप्रिलची दुपार यांत सहज वीस अंशांचं अंतर पडतं. त्यामुळे '७० म्हणजे चांगलं की वाईट?' या प्रश्नाला एकटं उत्तर नाही. खोलीपेक्षा किती वर, हे विचारा. तो फरक वर्षभर जवळपास तोच राहायला हवा. वाढत गेला, तर हवेची वाट कुठंतरी बंद होते आहे.

इंटेलवर आणखी एक फाईल आहे, ती मला तापमानाइतकीच मोलाची वाटते. सीपीयू० च्या फोल्डरमध्ये थर्मल-थ्रॉटल म्हणून एक जागा असते, तिथं कोअर-थ्रॉटल-काउंट. प्रोसेसर तापला म्हणून त्याला वेग आवरावा लागला, असं मशीन चालू केल्यापासून किती वेळा झालं याची ती मोजणी. शून्य असेल तर निवांत झोपा. दर तासाला वाढत असेल तर पडद्यावरचा आकडा कितीही सोज्वळ असो, मशीन दमलेलं आहे.

आमच्या मशीनवर ती मोजणी शेकड्यांत होती. खोली ३५, बसल्या बसल्या ६१, कामात ९७. फरक ६२. त्याआधी ताईनं ते एका दुकानात नेलं होतं, तेव्हा 'मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल' असं सांगून त्यांनी परत पाठवलं होतं.

मशीन बंद केलं, वायर काढली, बाजूचा पत्रा उघडला. पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलला तर खालून हीटसिंकवरची एक अख्खी चकती हातात आली. नमद्यासारखी, चार-पाच मिलिमीटर जाड, पंख्याच्या आकाराची गोल. मागावर उडालेली सुताची लव, वर्षानुवर्षं दाबून बसलेली. ताईनं ती उजेडात धरली. त्यात जांभळे आणि मोरपंखी धागे होते. म्हणाली, "अरे, हा जांभळा तर दिवाळीच्या ऑर्डरीचा. आणि हा आतला हिरवा त्याच्या आदल्या वर्षीचा, तो रंग आता येतच नाही."

झाडाच्या खोडावर वर्षांची वर्तुळं असतात म्हणे. आमच्या हीटसिंकवर साड्यांच्या ऑर्डरी होत्या.

ब्रशनं झाडलं. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, तो वाऱ्यानं भन्नाट फिरू देऊ नका. हीटसिंक मात्र उगाच उचकटू नका. उचललात तर नवी थर्मल पेस्ट लावल्याशिवाय परत बसवता येत नाही. आम्ही उचलला नाही. पुन्हा येस चालवलं: खोली ३४, कामात ७८. फरक ६२ वरून ४४. थ्रॉटलची मोजणी मशीन चालू केल्यावर शून्यावर आली होती, ती तिथंच राहिली. आता मशीन मागांच्या खोलीच्या दारापासून लांब, देवळीखाली ठेवलंय, आणि दर दोन महिन्यांनी ब्रश.

पायरी ६: इशारा, पण किरकिर नको

८५ च्या वर गेलं की नोटिफाय-सेंड कमांडनं पडद्यावर चिठ्ठी दाखवायची, हे सोपं आहे. पण आकडा ८४, ८६, ८४, ८६ असा हेलकावत असतो. मग दर चार सेकंदांनी चिठ्ठी येते आणि तिसऱ्या दिवशी माणूस प्रोग्रॅमच काढून टाकतो.

घरच्या पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक स्विच आठवा. टाकी पार खाली गेल्यावर मोटर चालू, काठोकाठ भरल्यावर बंद. एकाच खुणेवर चालू-बंद ठेवलं असतं तर मोटर दिवसभर कचकच करत राहिली असती. तसंच इथं दोन खुणा ठेवा: ८५ ला इशारा चालू, ७८ च्या खाली उतरल्याशिवाय तो पुन्हा द्यायचा नाही. शिवाय लागोपाठ तीन वाचनं वर असतील तरच बोला. ब्राउझर उघडताना क्षणभर जी उडी बसते, तिच्यासाठी कुणाला उठवायचं कारण नाही.

८५ हा आकडा कोडमध्ये कोरू नका. टेम्प१-क्रिट फाईल असेल तर तिच्यातून पंधरा वजा करा. नसेल तर वापरणाऱ्याला ठरवू द्या. एएमडीच्या कित्येक मशीनांवर ती फाईल नसते.

मराठी खिडकी

प्रोग्रॅम घरात वापरायचा तर मराठीत हवा, असं ताईचं म्हणणं पडलं. इथं नवख्याला दोन ठेचा लागतात.

टर्मिनलमध्ये मराठी लेबलं लावून आकडे उभ्या रांगेत बसवायला गेलात तर रांग वाकडी होते. पायथॉन 'प्रोसेसर' मधली अक्षरं, काने, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतो, पडद्यावर ते कमी जागेत बसतं. सोपा तोडगा: आकडा आधी, लेबल नंतर. उजवीकडे मग काहीही वाकडं असू द्या.

खिडकी करायची तर पायथॉनसोबत येणारी टीके ही खिडक्या बनवायची लायब्ररी सगळे सुचवतील. लिनक्सवर तिच्यात देवनागरी नीट जुळत नाही, जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते. आम्ही एक संध्याकाळ फॉन्ट बदलण्यात घालवली. दोष फॉन्टचा नव्हताच. जीटीके किंवा क्यूट यांपैकी एक लायब्ररी घ्या, तिथं अक्षरं व्यवस्थित बसतात. तपासायला 'प्रोसेसर', 'स्थिती' आणि 'किमान' हे तीन शब्द टाकून बघा; हे नीट दिसले की बाकीचेही दिसतील.

अंक मराठी हवे असतील तर दाखवतानाच बदला, साठवताना साधेच ठेवा. पायथॉनचं इंट तसं '४५' हे देवनागरी अंकही मुकाट ४५ म्हणून वाचतं, पण सीएसव्ही उघडणारा प्रत्येक प्रोग्रॅम इतका समजूतदार नसतो.

सगळी वाक्यं एका वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवा. आपल्या भागात हे पहिल्या दिवसापासूनच करावं. शेजारच्या घरी कन्नड बोलतात, त्यांनाही प्रोग्रॅम हवा होता. 'तापमान' हा शब्द कन्नडमध्येही तापमानच, फक्त लिपी वेगळी; 'गरम' च्या जागी 'बिसि' आलं. फाईल वेगळी होती म्हणून अर्ध्या तासात झालं.

विंडोजचं काय

सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात. विंडोजमध्ये प्रोसेसरचा सेन्सर साध्या प्रोग्रॅमला वाचता येत नाही, मध्ये कर्नल पातळीचा ड्रायव्हर लागतो. नवख्यानं तो लिहायच्या फंदात पडू नये. विनरिंगझिरो नावाचा एक तयार ड्रायव्हर वर्षानुवर्षं अशा प्रोग्रॅमांत वापरला गेला. त्यातली सुरक्षेची त्रुटी उघड झाली आणि २०२५ मध्ये विंडोज डिफेंडर तो धोकादायक म्हणून अडवू लागला. विंडोजवर करायचंच असेल तर लिब्रे हार्डवेअर मॉनिटर या मुक्त प्रकल्पाची लायब्ररी वापरा आणि ती अद्ययावत ठेवा.

डब्ल्यूएमआय, म्हणजे विंडोजची मशीनची माहिती देणारी सोय, तिच्यातून थर्मल झोन वाचायचा एक सोपा मार्ग जागोजागी सुचवलेला दिसतो. तो केल्विनच्या दहाव्या भागात उत्तर देतो. ओळखीचं वाटलं ना? हाच तो एसीपीआयटीझेडसारखा बायोसचा आकडा, फक्त दुसऱ्या दारानं.

दुसऱ्याला देताना

निपाणीच्या एका मित्राला प्रोग्रॅम दिला आणि त्याच्या लॅपटॉपवर तो पहिल्याच सेकंदाला कोलमडला. त्याचा प्रोसेसर एएमडीचा. तिथं 'पॅकेज' नाही, 'कोअर ०' नाही, फक्त टी-कंट्रोल अशी एकच ओळ. आमच्या कोडनं 'पॅकेज' असणारच असं धरलं होतं. त्याच लॅपटॉपवर एसीपीआयटीझेड मात्र चक्क खरा होता, काम दिलं की हलत होता. म्हणून आता प्रोग्रॅम कुठलंच नाव आंधळेपणानं वगळत नाही. दहा मिनिटांत एकदाही न हललेल्या सेन्सरवर खूण करतो.

देण्याआधी एक 'माहिती कॉपी करा' बटण घाला. सगळ्या नेम फाईली, सगळी लेबलं आणि कच्चे आकडे त्यात जावेत. 'चालत नाही' एवढंच फोनवर ऐकून काही कळत नाही. ही पाच ओळींची यादी आली की कळतं. आकड्याशेजारी तो कुठल्या ड्रायव्हरचा हेही नेहमी लिहा. मशीन चालू होताना प्रोग्रॅम आपोआप सुरू करायचा तर वापरकर्त्याच्या ऑटोस्टार्ट यादीत टाका, रूटच्या नको. कोड इतरांनी वापरावा असं वाटत असेल तर परवान्याची फाईल जोडा, नाहीतर प्रामाणिक माणूस हात लावणार नाही.

भाच्यानं जुनी ओळ काढलेली नाही. खिडकीच्या तळाशी करड्या रंगात ती अजून आहे, शेजारी 'बोर्डाचा आकडा, हलत नाही' असं लिहिलेलं. परवा गेलो होतो तेव्हा बाहेर मुसळधार पाऊस, खोली २४, प्रोसेसर ४६. खाली २७.८.